रात्रीची मोटर दिवसावर आली तर? स्मार्ट ग्रिड, आपली वीज आणि धूर

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी, बरेच दिवस मनात होतं, आज लिहूनच टाकतो, जरा लांब होईल. मी पलूस भागातला. दहाएक वर्षं सबस्टेशनच्या स्काडावर (दुरून स्क्रीनवर ग्रिड बघायची आणि चालवायची यंत्रणा) काम केलं, आता कराडला असतो. गावी वडील शेती बघतात, ऊस आणि थोडी हळद. लहानपणापासून घरात एकच वाक्य ऐकलंय, "आज रात्रीची लाईन आहे." म्हणजे वडील बॅटरी घेऊन बाराला विहिरीवर आणि आई ते परत येईपर्यंत जागी. एकदा स्टार्टरच्या पेटीत नाग निघाला, दुसऱ्या रात्री वडील परत तिथंच. दिवसा ८ तास नाहीतर रात्री १० तास, ही पाळी इथं सगळ्यांना पाठ आहे.

नोकरीत गेल्यावर कळलं की या पाळीमागं एक हिशोब होता. कोळशाचं युनिट, म्हणजे वीज तयार करणारा एक संच, क्षमतेच्या ५५ टक्क्यांच्या खाली सहज उतरवता येत नाही, आणि पूर्ण बंद केलं तर परत तापवायला कित्येक तास जातात आणि वर तेल जळतं ते वेगळंच. रात्री गावं झोपली की मागणी पडते, मग ती वीज कुठंतरी घालायला हवी, ती आपल्या विहिरींवर घातली. तेव्हा ते बरोबर होतं. आता चित्र फिरलंय. भर दुपारी सोलर एवढं येतं की कोळशाची युनिटं खाली दाबावी लागतात, कधीकधी सोलरच थांबवायला सांगतात, आणि संध्याकाळी ७ ला ऊन शून्य, घरोघरी दिवे, टीव्ही, एसी सगळं एकदम चालू, की परत कोळसा पूर्ण जोरात.

आपल्या देशात विजेच्या एका युनिटमागं सरासरी ०.७ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. ५ एचपीची मोटर तासाला साधारण ४ युनिट खाते. ८ तास धरले तर ३० च्या वर युनिट, म्हणजे एका विहिरीवर एका पाळीत २० किलोपेक्षा जास्त. रात्री ऊन नसतंच, त्यामुळं रात्रीचं युनिट सरासरीपेक्षा काळंच असणार. तेच पाणी, तेवढंच पाणी, दुपारी १२ ला उपसलं तर त्यातला मोठा भाग उन्हावर निघतो.

माझं म्हणणं एवढंच की किती वीज वापरतो याच्याइतकंच कधी वापरतो हे महत्त्वाचं झालंय, आणि हे "कधी" सांभाळायचं काम माणसाच्या डोळ्यानं होत नाही. कुठल्या फिडरवर (सबस्टेशनवरून निघणारी लाईन) आत्ता किती लोड आहे, ऊन किती आहे, वारा किती आहे, कोयनेचं कुठलं मशीन चालू आहे, हे सगळं एकमेकाला कळलं पाहिजे आणि त्याप्रमाणं लोड हलला पाहिजे. यालाच स्मार्ट ग्रिड म्हणतात. नुसता नवा मीटर म्हणजे स्मार्ट ग्रिड नाही, तो त्यातला एक तुकडा आहे. तुमच्याकडं काय अनुभव आहे ते लिहा. चांगला वाईट दोन्ही.

मिरज ४१०
आमच्याकडं स्मार्ट मीटर बसवला आणि पुढच्या महिन्यात बिल जवळजवळ तिप्पट आलं. घरात दोन माणसं, एक फ्रीज. ऑफिसात गेलो तर म्हणाले वापर वाढला असेल. पर्यावरणाचं नंतर बघू, आधी ह्या मीटरवर विश्वास कसा ठेवायचा ते सांगा.

कृष्णाकाठ
@मिरज ४१० तुमचा राग रास्त आहे. तोंडी बोलू नका, लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. २०२४ मध्ये केंद्राच्या ग्राहक हक्क नियमांत बदल झालाय, रीडिंग वापराशी जुळत नाही अशी तक्रार आली की ५ दिवसांत दुसरा जादा मीटर लावून किमान ३ महिने पडताळा घ्यायचा असं त्यात स्पष्ट आहे. तो नियम दाखवा. मीटरवर लोकांचा विश्वास नाही बसला तर पुढचं काहीच होणार नाही हे मलाही मान्य आहे.

जुना वायरमन
३४ वर्षं खांबावर काढली, आता रिटायर. पोराटोरांना डीपी (गावचा ट्रान्सफॉर्मर) म्हणजे नुसती पेटी वाटते म्हणून जरा सविस्तर लिहितो.

रात्री लाईन यायची वेळ झाली की काय होतं बघा. प्रत्येकानं ऑटोस्विच लावलेला. लाईन आली रे आली की डीपीवरच्या सगळ्या मोटरी एका क्षणात उचलतात. सुरू होताना मोटर चालू करंटच्या पाच सहा पट खेचते. वीस मोटरी एकदम, डीपीचा जीव तो केवढा. ऑइल तापतं, गॅस्केट जातं, एखाद दिवशी धाडकन. मग आठ दिवस पीक वाळतं, लोक वर्गणी काढून डीपीसाठी ट्रॅक्टर पाठवतात, जळलेलं ऑइल सांडलेलं असतं त्या वाफ्यात नंतर काही उगवत नाही, हे मी डोळ्यानं बघितलंय. मोटर ओढते तो जादा करंट कमी व्हावा म्हणून कॅपॅसिटर लावा असं सांगून घसा बसला, लावला तरी कोणीतरी वायर काढून ठेवतो.

आता गळतीचं. तारेत जी वीज गरम होऊन वाया जाते ती करंटच्या वर्गानं वाढते. करंट दुप्पट झाला तर वाया चौपट. म्हणजे सगळ्यांनी एकाच वेळी ओढलं तर जास्त जळतं, तेच तासातासानं वाटून ओढलं तर काम तेवढंच होऊन नुकसान कमी. यासाठी नवी तार नको, नवा खांब नको, नुसती वेळ वाटून द्या. पण ते वाटणार कोण, आम्ही एक माणूस आणि चार गावं. डीपीला मीटर बसवून तो बोलता झाला, म्हणजे तीन तारांपैकी कुठला फेज भरलाय, तेल किती तापलंय हे ऑफिसात आधीच दिसलं, तर निम्म्या डीपी जळायच्या वाचतील असं माझं अनुभवाचं मत आहे. आणि डीपीवरून गेलेली युनिटं आणि घरोघरच्या मीटरची बेरीज जुळली नाही की चोरून तारेवर टाकलेले आकडे कुठं आहेत ते पण कळतं, मग उगाच साऱ्या गावाला चोर म्हणायची गरज नाही.

कृष्णाकाठ
काका, वर्गाचा नियम इतक्या सोप्या भाषेत मला कॉलेजातही कुणी सांगितला नव्हता. देशात तांत्रिक गळती आणि न झालेली वसुली मिळून अजून १५-१६ टक्क्यांच्या आसपास आहे. यातलं जे तारेत आणि डीपीत जळतं त्याच्यासाठी कोळसा खरोखर जळालेला असतो, राख पडलेली असते, पाणी वाफ झालेलं असतं आणि उजेड कुणाच्याच घरात पडलेला नसतो.

कुपवाड भट्टी
आमची छोटी फाउंड्री आहे, इंडक्शन भट्टी. कारखान्यांना वेळेप्रमाणं दर पूर्वीपासून आहेत. आधी रात्री १० ते सकाळी ६ सवलत असायची म्हणून आम्ही भट्टी रात्रीच लावायचो, पोरं रात्रभर जागून मेटल ओतायची, पहाटे ३-४ ला हमखास कुणाचा तरी हात भाजायचा. आता सवलत उन्हाच्या तासांत आलीय आणि संध्याकाळी दर चढतो. आम्ही सकाळी ९ ला पहिली हीट (मेटल वितळवायची फेरी) लावतो, ५ च्या आत शेवटची. सुरुवातीला शिफ्ट बदलायला त्रास झाला, जॉब उशिरा गेले, एक गिऱ्हाईक पण दुखावलं. पण माणसं रात्री घरी झोपतात. धूर किती कमी झाला ते मला मोजता येत नाही, पण माझ्याकडची भट्टी आता सूर्याबरोबर चालते हे खरं आहे.

सडावाघापूर
पाटण तालुक्यातला, पवनचक्क्यांच्या मेंटेनन्सला सात वर्षं. वनकुसवडे, चाळकेवाडी, ठोसेघर हा सगळा सडा, म्हणजे पठार, पायाखालचा आहे.

कृष्णाकाठ दादांनी उन्हाचं लिहिलं, मी वाऱ्याचं लिहितो. आमचा वारा म्हणजे मे अखेर ते सप्टेंबर. जुलैत रात्री मशीन फुल्ल चालतात, पाती दिसत नाहीत नुसता घूं घूं आवाज धुक्यातून, आणि नेमकं त्याच वेळी खाली पाऊस, म्हणजे शेतीच्या मोटरी बंद, एसी बंद, मागणी पडलेली. मग वरून फोन येतो, इतकी मशीन थांबवा. फुकटचा वारा अंगावरून जातोय आणि आपण पाती आडवी करून बसलोय, त्या रात्री फार वाईट वाटतं.

दिवसाचे १५-१५ मिनिटांचे ९६ तुकडे करतात आणि प्रत्येक तुकड्यात किती वीज देणार ते आधी कळवावं लागतं. चुकलं तर दंड. पूर्वी हे अंदाजानं चालायचं, आता वारा मोजायच्या उंच मास्टवरचे सेन्सर, हवामानाचं मॉडेल आणि प्रत्येक मशीनचा डेटा मिळून अंदाज निघतो आणि तो बराच जवळ येतो. याचा धुराशी संबंध असा की अंदाज जितका पक्का तितकी "असू दे जवळ" म्हणून तापवून ठेवलेली कोळशाची युनिटं कमी लागतात. हे लोकांना माहीत नसतं. वाऱ्याची वीज स्वच्छच आहे, पण तिच्यावर भरवसा नसेल तर तिच्यामागं एक भट्टी धगधगत ठेवावी लागते.

अजून एक मला फार आवडलेली गोष्ट. तारेतून किती वीज न्यायची याची मर्यादा तार किती तापते आणि किती झोळ पडतो यावर असते, आणि ती मर्यादा सहसा वारा नसलेला कडक उन्हाळा धरून ठरवतात. पण आमच्याकडं जास्त वीज तयार होते तेव्हाच जोराचा वारा असतो आणि तोच वारा तार गार करतो! तारेवर सेन्सर असेल तर त्या वेळी त्याच तारेतून जास्त वीज नेता येते. परदेशात काही ठिकाणी हे करतात. नवी लाईन टाकायची नाही म्हणजे घाटातली झाडं तोडायची नाहीत.

ठोसेघर वाट
सडावाघापूर दादा, तुमच्या कामाबद्दल आदर आहे पण पवनचक्की म्हणजे निसर्गाला काहीच त्रास नाही असं नका समजू. २०१८ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या संशोधकांचा अभ्यास आला होता, आपल्या चाळकेवाडीच्याच पठारावरचा. पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपट कमी दिसले, आणि शिकारी नाहीत म्हणून तिथले सरडे संख्येनं वाढले, त्यांचं वागणंसुद्धा बदललं, माणूस जवळ आला तरी लवकर पळत नाहीत. एक पातं फिरायला लागलं तर सगळी साखळी हलते. मी त्या सड्यावर पावसाळ्यात फुलं बघायला जातो, आकाशात घिरट्या घालणारे शिक्रे, गरुड पूर्वी जास्त दिसायचे.

सडावाघापूर
बरोबर आहे, सरड्याच्या गळ्याचा निळा पंखा मी पण रोज बघतो. म्हणूनच मला वाटतं की उभी आहेत त्या मशीनची वीज एकसुद्धा युनिट वाया जाऊ नये. जुलैत थांबवलेलं प्रत्येक युनिट उद्या आणखी एका पठारावर नवीन मशीन मागणार. पक्षी जवळ आला की कॅमेऱ्यानं ओळखून तेवढंच मशीन हळू करायची सोय पण निघालीय, ती इथं यावी.

शिवसागर
कोयनेचा विषय कुणीच नीट काढला नाही म्हणून मी काढतो, आमचं गावच पाण्याखाली गेलंय.

कोयना प्रकल्प १,९६० मेगावॅटचा, त्यातले १,००० एकट्या चौथ्या टप्प्याचे, डोंगराच्या पोटात. कोळशाचं युनिट थंड पडलं तर तापायला तास लागतात, कोयनेचं मशीन काही मिनिटांत लोड घेतं. म्हणजे आपल्या जिल्ह्यात निसर्गानं आणि आमच्या आजोबांच्या त्यागानं दिलेली एक अवाढव्य बॅटरी आहे. पण या बॅटरीला हिशोब आहे. धरण १०५ टीएमसीचं (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट), आणि पश्चिमेला वीज करून सोडायचं पाणी कृष्णा पाणीवाटप लवादानं वर्षाला ६७.५ टीएमसीवर बांधून दिलंय, कारण वीज करून ते पाणी वाशिष्ठीतून समुद्राला जातं, ते परत कृष्णेला मिळत नाही. उन्हाळ्यात सांगलीकर पाण्यासाठी ओरडतात ते उगाच नाही.

मग मोजून दिलेलं पाणी दुपारी ऊन असताना वाया घालवायचं का? दुपारी मशीन बंद ठेवा, पाणी राखा, संध्याकाळी ६ ते १० त्याचा थेंब न थेंब वापरा, तिथं तो कोळशाला हटवतो. हे काही प्रमाणात आजही करतात, पण उद्या सोलर आणखी वाढल्यावर तासाऐवजी मिनिटाचा हिशोब लागेल आणि तो कॉम्प्युटरच करेल. आमच्या आजोबांनी जमीन दिली तेव्हा कुणी "बॅटरी" म्हणालं नव्हतं. निदान ती बॅटरी म्हणून तरी नीट वापरा एवढीच इच्छा आहे.

तासगावची बाग
मी द्राक्षवाली. आमचा फिडर मागच्या वर्षी सोलरवर आला, मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतला. सकाळी साडेआठ-नऊला लाईन येते, संध्याकाळी जाते. मिस्टर बाहेरगावी असतात, आधी रात्री गडी शोधावा लागायचा, आता मोटर मीच चालू करते, ड्रिपचे व्हॉल्व्ह मीच फिरवते. बाईमाणसाच्या दृष्टीनं हा केवढा बदल आहे तो पुरुषांनी लिहिला नाही म्हणून मी लिहिते.

पण एक भीती सांगते. दिवसा फुकट नाहीतर स्वस्त वीज, हाताशी बटण, मग मोटर बंद करायची आठवणच राहत नाही. आमच्या शेजारच्या शिवारात दोन वर्षांत तीन बोअर आटले. रात्रीच्या त्रासानं का होईना पाण्यावर आपोआप लगाम होता. धूर कमी झाला आणि जमिनीतलं पाणी संपलं तर माझ्या बागेला काय उपयोग?

जतचा
ताई बोलल्या ते काळजाला लागलं. आमच्याकडं म्हैसाळ योजनेचं पाणी येतंय तोवर ठीक, नाहीतर बोअर ८०० फुटावर बी कोरडी. भावांनो, मोटर स्मार्ट करायची आसंल तर पाण्याची पातळी बघून बंद होणारी करा. विजेचा मीटर हाय, पाण्याचा कुठाय?

कृष्णाकाठ
@तासगावची बाग ताई, @जतचा दादा, हा मुद्दा मी पहिल्या पोस्टमध्ये घ्यायला हवा होता, राहून गेला. खोल गेलेलं पाणी वर काढायला वीजही जास्त लागते, २०० फुटाचं पाणी ६०० फुटावर गेलं तर साधारण तिप्पट. म्हणजे उन्हावर वाचवलेलं इथं परत जातं. बोअरमध्ये पातळीचा सेन्सर आणि ओल बघून बंद होणारा ड्रिप हे जोडूनच यायला पाहिजे.

आणि म्हैसाळ, ताकारी, टेंभू या उपसा योजनांचे पंप म्हणजे आपल्या भागातला फार मोठा, वेळ हलवता येणारा लोड. वर तलाव आहेत, कालवे आहेत, पाणी दुपारी चढवलं काय आणि रात्री चढवलं काय, शेतात ते दुसऱ्या दिवशीच जाणार. एकेका टप्प्यावरचे पंप उन्हाप्रमाणं पुढंमागं केले तर हजारो घरांच्या बॅटऱ्यांचं काम होईल आणि लिथियम लागणार नाही.

वसंत हंगाम
साखर कारखान्यात को-जनला (वीजनिर्मितीला) आहे. आमची बगॅसची (उसाच्या चिपाडाची) वीज नोव्हेंबर ते मार्च. बघा म्हणजे हिवाळ्यात ऊस, उन्हाळ्यात ऊन, पावसाळ्यात वारा, आणि बारा महिने संध्याकाळी कोयना. सातारा सांगलीला वर्षभराचं सगळं आहे. बगॅस साठवून ठेवता येतो, दुपारी बॉयलर थोडा उतरवून संध्याकाळी चढवता येतो, पण कारखान्याला साखर पण काढायची असते त्यामुळं एका मर्यादेत.

आयटी पण गाववाला
सगळं छान चाललंय पण दोन प्रश्न. देशात २५ कोटी स्मार्ट मीटर बसवायचं उद्दिष्ट आहे. म्हणजे तितके जुने चालू मीटर भंगारात. त्यातलं प्लास्टिक, सर्किट, बॅटरी कुठं जाणार? आमच्या गावाबाहेर ओढ्यात जुन्या मीटरची कव्हरं पडलेली मी स्वतः बघितली. आणि दुसरं, अर्ध्या अर्ध्या तासाला रीडिंग जातं म्हणजे घरात माणूस आहे की नाही, कधी उठतो, कधी झोपतो सगळं कळतं. हा डेटा कुणाकडं राहतो?

कृष्णाकाठ
दोन्ही प्रश्नांवर मी तुमच्या बाजूनं आहे. जुना मीटर काढताना त्याचा नंबर लिहून नोंदणीकृत ई-कचरावाल्याकडं गेल्याची पावती ग्रामपंचायतीत लागली पाहिजे. डेटाचं म्हणाल तर ग्रिड चालवायला डीपीची बेरीज पुरते, एकेका घराची नाडी तिसऱ्या कुणाला द्यायचं कारण नाही.

तुम्ही कचऱ्याचं काढलंत म्हणून एक कमी माहीत असलेली गोष्ट सांगतो. मोठ्या सबस्टेशनच्या ब्रेकरमध्ये (लाईन तोडणारा मोठा स्विच) एसएफ-६ नावाचा गॅस असतो, ठिणगी विझवायला. तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे २३,५०० पट जास्त उष्णता धरतो आणि हवेत हजारो वर्षं राहतो. एक किलो गळाला तर माझ्या पहिल्या पोस्टमधल्या हिशोबानं ५ एचपीची मोटर हजारापेक्षा जास्त पाळ्या चालवल्यासारखं. पूर्वी दाब बघायला माणूस गेजपाशी जायचा, महिन्यानं कळायचं की उतरलाय. आता घनतेचा सेन्सर कंट्रोल रूमला लगेच सांगतो. मी हे काम केलंय, पहिल्यांदा एक बारीक गळती पहाटे स्क्रीनवर पकडली तेव्हा झालेलं समाधान अजून लक्षात आहे.

सांगली इंजिनिअरिंग
मी इलेक्ट्रिकलला तिसऱ्या वर्षाला. आमच्या घरी ३ किलोवॅट सोलर बसवलं, ७८,००० सबसिडी मिळाली. पण दुपारी १ च्या सुमारास इन्व्हर्टर ट्रिप होतो, व्होल्टेज २५० च्या वर जातं. गल्लीत अजून पाच घरांवर सोलर आहे. आणि लाईट गेली की भर उन्हात सोलर पण बंद, बाबा म्हणतात मग उपयोग काय?

जुना वायरमन
बाळा, लाईट गेल्यावर बंद होतं ते माझ्यासारख्याचा जीव वाचावा म्हणून. आम्ही फ्यूज काढून तारेला हात लावतो, तुझ्या गच्चीवरून वीज उलटी आली तर खांबावरचा माणूस गेला. ते तसंच राहू दे.

कृष्णाकाठ
व्होल्टेजचं असं की दुपारी गल्लीत वापर कमी आणि सहा घरं तारेत वीज ढकलताहेत म्हणून शेवटच्या घरी व्होल्टेज चढतं. दोन उपाय, एक म्हणजे इन्व्हर्टरमध्ये व्होल्टेज बघून रिअॅक्टिव्ह पॉवर ओढायची, म्हणजे चढलेलं व्होल्टेज खाली आणायची, सेटिंग असते ती कंपनीच्या माणसाकडून बघून घे. दुसरा साधा, गीझर, वॉशिंग मशीन, पाण्याची टाकी भरायची मोटर हे सगळं ११ ते ३ मध्ये लाव. आणि सहाही घरं आर, वाय, बी यांपैकी एकाच फेजवर आहेत का ते आधी बघ.

सांगली इंजिनिअरिंग
बघितलं सर. सहाही आर फेजवर!

जुना वायरमन
मग तिथंच घोळ आहे. हे आमच्या गावठाणात पण होतं, मागच्या आठवड्यातलंच सांगतो. १०० केव्हीए क्षमतेची डीपी, संध्याकाळी साडेसातला आत्ताच्या वायरमनबरोबर टाँग टेस्टर (तारेतला करंट मोजायचा चिमटा) लावला. आर १५०, वाय ७०, बी ९५ अँपिअर. १०० केव्हीएला एका फेजला १३३ च्या आसपास पुरे, म्हणजे आर ओव्हरलोड आणि वाय निम्म्यावर. न्यूट्रलमधून, म्हणजे परतीच्या तारेतून, ७० च्या आसपास नुसतंच फिरत होतं, काही काम न करता. ज्युनियर इंजिनिअर साहेबांकडून लाईन बंद करायचं रीतसर परमिट घेतलं, लाईन बंद करून अर्थिंग केलं, आत्ताच्या वायरमननं दोन गल्ल्या आरवरून वायवर आणि थोडं बीवर टाकलं. मी खाली उभा राहून सांगत होतो. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी मोजलं, आर १०८, वाय १०१, बी १०६. न्यूट्रल ५-६ वर आला.

सांगली इंजिनिअरिंग
काका मी गणित केलं. बेरीज दोन्ही वेळा ३१५ च, पण वर्गाची बेरीज ३६,४२५ वरून ३३,१०१. म्हणजे फेजच्या तारांतलंच नुकसान ९ टक्क्यांनी कमी, न्यूट्रलचं वेगळं. एका संध्याकाळच्या कामात!

जुना वायरमन
तेच रे. पण चार महिन्यांनी कुणीतरी नवीन कनेक्शन घेईल आणि परत एकाच फेजवर जाईल. डीपीवर बोलता मीटर असता तर मला जेवणावरून उठून टाँग टेस्टर घेऊन जावं लागलं नसतं.

कृष्णाकाठ
काका, आमच्या गावठाणातल्या दोन डीपींचं असं मोजून घ्यायचंय. आमच्याकडच्या वायरमनशी आणि साहेबांशी बोललोय, परमिट द्यायला तयार आहेत. येत्या रविवारी संध्याकाळी ७ ला याल का? सांगली इंजिनिअरिंग, तू पण वही घेऊन ये. रीडिंग इथंच टाकू.

जुना वायरमन
येतो. रबरी हातमोजे मी आणतो.